दोन दारांची, स्पोर्टी आणि परवडणारी गाडी: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून गाड्यांबद्दल जे विचारलं जातं, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतच राहतो: दोन दारांची, बसकी, पळणारी आणि खिशाला झेपणारी गाडी कुठे मिळेल? थोडक्यात उत्तर, नवी मिळत नाही. का मिळत नाही आणि मग करायचं काय, ते खाली. कर आणि किमती बदलत असतात, तेव्हा सही करण्याआधी ताजा आकडा शोरूममधून आणि आरटीओतून घ्या.

आज भारतात अशी एकही नवी गाडी नाही?

नाही. तिन्ही गुण सुटे सुटे मिळतात, एकत्र नाही. दोन दारं आणि परवडणारी किंमत हवी तर एमजी कॉमेट आहे. लांबी तीन मीटरच्याही आत, बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, खडेबाजारात घुसायला झकास. पण तिला स्पोर्टी म्हणणं ही तिचीच थट्टा. तीन दारांची (बाजूची दोन आणि तिसरं मागचं झाकण) महिंद्रा थार मजेची आहे, पण उंच, जड आणि वळणावर कलणारी. चपळ आणि आवाक्यातली हवी तर ह्युंदाई आय२० एन लाइन, तिला दारं पाच. आणि खरीखुरी दोन दारांची स्पोर्ट्स कार म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये आलेली एमजी सायबरस्टर, किंमत ७५ लाखांच्या घरात. त्या पैशात टिळकवाडीत फ्लॅट बघायला निघता येतं.

अमेरिका, युरोप, जपानमध्ये तर अशा गाड्या ढिगाने होत्या. त्या गेल्या कुठे?

एकेक करून बंद झाल्या. फोर्ड मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती. नुकती नोकरी लागलेला माणूस ती घेऊ शकत होता, आणि लोकांनी घेतलीही: १९६६ या एका वर्षात सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या. २०२४ मध्ये अमेरिकेत ४५ हजारसुद्धा खपल्या नाहीत. आणि ही टिकलेली गाडी. तिच्या जोडीच्या शेव्हरोले कॅमेरो आणि डॉज चॅलेंजर दोन्ही डिसेंबर २०२३ मध्ये थांबल्या.

खरं नुकसान झालं ते छोट्या आणि स्वस्त गाड्यांचं. टोयोटा सेलिका १९७० पासून चालू होती, २००६ मध्ये संपली. मित्सुबिशी एक्लिप्स २०११ मध्ये, फोक्सवॅगन शिरोको २०१७ मध्ये, होंडा सिव्हिकची दोन दारांची आवृत्ती २०२० मध्ये, ह्युंदाई व्हेलोस्टर २०२२ मध्ये गेली. साध्या तीन दारांच्या हॅचबॅकही उरल्या नाहीत. रेनोने क्लिओची तीन दारं २०१२ च्या नव्या पिढीत काढून टाकली, फोक्सवॅगनने पोलोची २०१७ मध्ये, आणि आठव्या पिढीची गोल्फ तर तीन दारांत आलीच नाही.

आता आवाक्यातल्या म्हणण्यासारख्या उरल्या त्या दोन आसनांची, उघड्या टपाची माझदा एमएक्स-५ आणि टोयोटा जीआर८६, जी सुबारूच्या बीआरझेडची जुळी बहीण. त्यातली जीआर८६ युरोपातून २०२४ मध्ये गेली, कारण तिथल्या नव्या सुरक्षा नियमांत बसवण्यासाठी तिच्यात बरेच बदल करावे लागले असते आणि तेवढ्या विक्रीत तो खर्च निघणार नव्हता.

गिऱ्हाईक कमी झालं की कंपन्यांनी हात आखडता घेतला?

दोन्ही, आणि एकाने दुसऱ्याला ढकललं. पण आधी या गाड्या स्वस्त कशा होत्या ते बघायला हवं. त्या स्वतंत्र गाड्या नव्हत्याच. मस्टँगच्या खाली फोर्ड फाल्कन ही साधी कुटुंबाची गाडी होती. शिरोकोच्या खाली गोल्फ होती. इंजिन, गिअरबॉक्स, डॅशबोर्डच्या आतलं सामान सगळं घरचंच, वरचा पत्रा तेवढा वेगळा. त्यामुळे किंमत खाली राहायची.

पुढे त्याच सांगाड्यावर एसयूव्ही बसवता येते हे कंपन्यांच्या लक्षात आलं. खर्च जवळपास तेवढाच, विक्री दहापट आणि दर गाडीमागे सुटणारा पैसाही जास्त. मग दोन दारांच्या आवृत्तीसाठी लांब दारं, वेगळा बाजूचा पत्रा आणि बाजूने धडक देऊन घेतलेली वेगळी चाचणी, हे सगळं कोण करणार? उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बनवायचा खर्च हजार नगांसाठी तोच आणि लाख नगांसाठीही तोच. हजारच काढायचे असतील तर प्रत्येक नग महाग पडतो. महाग पडला की आणखी कमी खपतो, आणि मग पुढच्या पिढीला मंजुरीच मिळत नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूने दोन गोष्टी घडल्या. एक, तिकडे तरुण चालकाच्या नावावर दोन दारांची स्पोर्टी गाडी म्हटलं की विम्याचा हप्ता भडकतो. दुसरी मोठी. १९७६ ची गोल्फ जीटीआय आली आणि मागे माणसं, डिकीत सामान घेऊनही तेवढीच मजा येते हे लोकांना कळलं. आज तर टर्बो इंजिनाची कुटुंबाची सेडानसुद्धा तीस वर्षांपूर्वीच्या कूपेला, म्हणजे दोन दारांच्या बसक्या गाडीला, सहज मागे टाकते. वेगासाठी दोन दारांची अडचण सोसायचं कारणच उरलं नाही. उरलं ते फक्त रूप आणि चालवण्याची रग, आणि त्यासाठी दुसरी गाडी ठेवणारी घरं सगळीकडेच कमी.

आपल्याकडे कधीच नव्हत्या का?

होत्या की. फक्त कुणी त्या नीट रुजू दिल्या नाहीत.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड १९६१ पासून इथे बनत होती, तीही दोन दारांची. रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचं. पण लोक ती कुटुंबाची गाडी म्हणूनच वापरत होते, तेव्हा मागे बसणाऱ्यांची कुरकूर सुरू झाली आणि कंपनीने खास भारतासाठी चार दारांची हेराल्ड काढली. आपल्या बाजाराचा कल तेव्हाच ठरला होता म्हणायचं.

मग १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन. मूळ गाडी इंग्लंडची रिलायंट किटन, अंग फायबरग्लासचं, इंजिन ८४८ सीसी, दारं दोन. वजन इतकं कमी की रॅलीवाले तिच्यावर खूश होते. पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि फायबरच्या दोन दारांच्या गाडीला कुणी विचारेना.

टाटा सिएरा १९९१ ची. मागच्या बाजूला वरपर्यंत वळलेली मोठी काच आणि तीन दारं. ती एसयूव्ही होती, तरी त्या काळी रस्त्यावर दिसली की माना वळायच्या. नावाला इतका मान की २०२५ च्या शेवटी टाटांनी ती परत आणली, पण पाच दारांची करून.

आपल्या सगळ्यांत जवळची म्हणजे सॅन स्टॉर्म. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथे १९९० च्या दशकाच्या शेवटी ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी बनत होती. फायबरग्लासचं अंग, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. कागदावर ही तंतोतंत तुम्ही विचारता ती गाडी. पण विक्री आणि दुरुस्तीचं जाळं नसलेल्या छोट्या कंपनीची गाडी घ्यायला छाती लागते.

मोठ्या कंपन्यांनी प्रयत्न केले ते हात राखून. मारुतीने २००३ मध्ये झेन कार्बन आणि झेन स्टील या तीन दारांच्या गाड्या काढल्या, मोजक्याच. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय आणली, १९२ अश्वशक्तीची. संख्या ९९, किंमत २६ लाखांच्या घरात. पोलोला २६ लाख म्हटल्यावर पुढचं बोलणंच खुंटतं. आणि टाटांची रेसमो! मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली, दोन आसनं, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती. ती रस्त्यावर आलीच नाही. माझ्या मते या सगळ्या यादीत हळहळण्यासारखी ही एकच.

एमएक्स-५ किंवा जीआर८६ भारतात आणली तर किती पडेल?

माझदा भारतात गाड्या विकत नाही आणि टोयोटाने जीआर८६ इथे आणलेली नाही, तेव्हा हा कागदावरचा हिशेब. समजा, १.५ लिटरची एमएक्स-५ बंदरावर २० लाखांना येऊन उतरली. पूर्ण बनून येणाऱ्या या किमतीच्या गाडीवर सीमाशुल्क ७० टक्के, म्हणजे ३४ लाख झाले. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के लागतो. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. एमएक्स-५ लांबीला चार मीटरच्या आत बसते, पण इंजिन १५०० सीसीचं पेट्रोल, म्हणून ४० टक्के. झाले ४७ लाख ६० हजार. आता कर्नाटकचा आजीवन कर: २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर. साडेनऊ लाख आणखी. बेरीज ५७ लाखांच्या पुढे, विमा वेगळा.

जी गाडी अमेरिकेत शाळेतला शिक्षक हप्त्यावर घेतो, ती इथे साखर कारखान्याच्या चेअरमनची होते.

मग इथेच का बनवत नाहीत?

चार मीटरचा नियम. २००६ पासून आपल्याकडे करसवलत लांबीला जोडलेली आहे. त्या चार मीटरांत कंपनीला इंजिन, पाच माणसं आणि डिकी बसवायची असते. कूपेला लांब बॉनेट आणि मागे उतरतं छत लागतं, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर मागच्या सीटमधूनच काढायचा. आणि मागची सीट काढून घेतलेली गाडी आपल्या बाजारात विकून दाखवायची! वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या, सियामच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये खपलेल्या प्रवासी गाड्यांपैकी ६५ टक्के एसयूव्ही-एमपीव्ही गटातल्या होत्या. कंपनीत बसलेला माणूस हा आकडा बघतो, आपल्या गप्पा नव्हे.

टाटा कर्व्ह, सिट्रोएन बसॉल्ट या कूपेच आहेत ना?

छत कूपेसारखं उतरतं, दारं चार आणि मागचं मोठं झाकण. २०२४ मध्ये आलेल्या या दोन्ही चांगल्या कुटुंबाच्या गाड्या आहेत. तुमचा प्रश्न वेगळा होता.

"बघाय लय भारी, पन मागं कोन बसनार ओ?" असं घरचे म्हणतात. काय सांगू?

त्यांचं बरोबर आहे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढच्या डाव्या सीटची कळ ओढायची, सीट पुढे लोटायची, उंच पायरीवर एक पाय ठेवायचा आणि सीटबेल्टचा पट्टा हाताने बाजूला धरून वाकून आत शिरायचं. नऊवारीतल्या आजीला हे एकदा करायला लावून बघा. येळ्ळूरच्या यात्रेला जाताना ती आत बसेलही, पण परतताना वडापने येईल. आणि एका घरात एकच गाडी असते तिथे आजीचं मत शेवटचं असतं. जगभर या गाड्यांचं जे झालं ते असंच झालं, फक्त तिकडे आजीच्या जागी मुलाची बेबी सीट होती.

महिंद्रानेही हे ओळखलं. १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली, आणि बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजारांहून जास्त नोंदण्या झाल्या. चार वर्षं लोक थारकडे बघून "छान आहे, पण दारं..." म्हणत होते, ते सगळे त्या एका तासात रांगेत आले.

सुझुकीची तीन दारांची जिम्नी भारतातच बनते म्हणे. मग आपल्याला का नाही?

बनते, हरयाणात. २०२१ पासून ती जहाजाने लॅटिन अमेरिका, आखात, आफ्रिकेकडे जाते. आपल्याला जून २०२३ मध्ये मिळाली ती पाच दारांची. राग येणं साहजिक आहे. पण २०२५ मध्ये सुझुकीने हीच भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जपानमध्ये उघडली, तर चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या येऊन कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. तीन दारांच्या जिम्नीचं माहेर म्हणजे जपान, आणि तिथली ही गत.

जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच असतं. तिथून जुनी एमएक्स-५ किंवा सेलिका मागवता येईल?

नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि शुल्क नव्यापेक्षाही जड असतं. पंचवीस वर्षांची सेलिका त्यात बसत नाही. "आमचा माणूस आहे, कागद करून देतो" असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. नंतर गाडी जप्त होते ती तुमच्या दारातून.

आम्ही निपाणीला राहतो. कागल पलीकडेच. गाडी एमएच-०९ वर घेतली तर कर वाचतो ना?

वाचतो, पण कायद्यात बसत नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

फरक खरा आहे. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात १७ टक्के आणि त्यावरचा उपकर धरून सुमारे २ लाख २६ हजार होतात. महाराष्ट्रात १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार. ऐंशी हजारांहून जास्त तफावत, आणि मधे फक्त कोगनोळीचा नाका. मन वळणारच.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता आणि गाडी जिथे सहसा उभी असते, त्या राज्यातल्या आरटीओत नोंदणी करायची. कोल्हापुरातल्या मामाच्या पत्त्यावर गाडी घेऊन ती रोज निपाणीत फिरवली तर ते त्यात बसत नाही. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. अपघात झाला, विम्याचा दावा आला की हे पत्ते बारकाईने तपासले जातात. शिवाय सीमेवरचे अधिकारी एमएच आणि जीए पाट्या ओळखून असतात. त्याच चौकात रोज दिसणारी बाहेरची गाडी लपत नाही.

खरोखरच दोन्हीकडे घर असेल, कोल्हापुरात किंवा पणजीत नोकरी असेल तर गोष्ट वेगळी, कागद जवळ ठेवा. लष्करात किंवा केंद्र-राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर बीएच (भारत) क्रमांकांच्या मालिकेचा विचार करा. २०२१ मध्ये ती सुरू झाली, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी क्रमांक तोच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगावात अशा पाट्या दिसतातच.

पुण्या-मुंबईची जुनी गाडी आणताय? मग क्रम असा: मूळ आरटीओकडून नमुना २८ वर ना हरकत दाखला, मग बेळगाव (केए-२२), चिकोडी (केए-२३), बैलहोंगल (केए-२४) किंवा गोकाक (केए-४९), जे तुमचं असेल तिथे नमुना २७ आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा कर. मूळ राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. मागता येतो म्हणजे मिळतो असं नाही. सौद्याच्या वेळी हा पैसा बुडीत धरा. पुण्यात लाखभराने स्वस्त दिसणारी गाडी इथला कर भरल्यावर कितीला पडते, हे आधी वहीवर मांडा.

थारच स्पोर्टी म्हणून घेतली तर?

घ्या, पण ती जे करते त्यासाठी. खानापूरच्या जंगलाकडे, पावसात शेतावर, तिलारीकडच्या कच्च्या वाटेवर तिला तोड नाही. आंबोलीच्या वळणांवर बसक्या गाडीचा हिसका तिच्याकडे मागू नका. एक व्यवहाराची गोष्ट: १.५ लिटर डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी थार १८ टक्के जीएसटीत बसते, २ लिटर पेट्रोलची ४० टक्क्यांत. दोन्हींच्या किमतीतली दरी बरीचशी तिथून येते.

आठ ते बारा लाखांत मजा देणारी गाडी सांगा. दारं कितीही असोत.

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर आनंदाने देतो. नवी हवी तर आय२० एन लाइन. एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती, सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक आणि स्टिअरिंगला वजन. २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसरही १२० ची, सहा गिअरची मॅन्युअल. शोरूममध्ये नसली तर जुनी शोधा.

वापरलेल्यात पर्याय जास्त चविष्ट आहेत. फोक्सवॅगन पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे चांगली जपलेली पोलो टीएसआय अजून भाव धरून आहे. मॅन्युअल मिळाली तर ती बघा. ऑटोमॅटिक असेल तर शहापूरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास चालवा. हिसके, थरथर जाणवली तर पुढे जाऊ नका, कारण त्या गिअरबॉक्सची दुरुस्ती लाखांत बोलते. मारुती बलेनो आरएस २०१७ ते २०२० मध्ये होती, एक लिटर टर्बो, वजनाला हलकी. दिसायला साधी म्हणून दुर्लक्षित, आणि म्हणूनच स्वस्त. सुट्या भागांची चिंता नाही हे आपल्या भागात फार मोठं सुख. फोर्ड फिगोचं १.५ डिझेल १०० अश्वशक्तीचं, घाटात चढताना मागे कुणी टिकत नाही. फोर्डने इथलं उत्पादन सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं म्हणून भावही पडलेले. आणि वेडच असेल तर २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो, १४५ अश्वशक्ती. तिच्याबरोबर एक चांगला मेकॅनिकही शोधा.

बजेट थोडं ताणलं तर वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया, १.५ लिटर, १५० अश्वशक्ती. चार दारांची, आईवडील मागे आरामात, आणि रिकाम्या हायवेवर तुम्हाला कूपेची आठवण येणार नाही.

जुनी मिनी कूपर, फियाट ५०० किंवा अबार्थ ५९५ दहा-पंधरा लाखांत दिसते. घेऊ का?

तीन दारांची खरी मजा हवी आणि घरात दुसरी गाडी असेल तरच. अडचण विकत घेताना नसते, पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होते. रबर बुश गेलं, ड्राइव्ह शाफ्टचा आवाज आला, तर उद्यमबागेतला टर्नर जुना बुश हातात घेऊन व्हर्निअर लावेल, नायलॉनचा किंवा पितळेचा नवा करून देईल, वर चहाही पाजेल. इथलं ओतकाम आणि मशिनिंग देशभर जातं, ती हुशारी खोटी नाही. पण एअरबॅगचा कंट्रोलर, इंजिनचा संगणक, गिअरबॉक्सची इलेक्ट्रॉनिक्स लेथवर होत नाहीत. त्यासाठी गाडी बेंगळुरू-पुण्याला टोइंगवर जाते. वर्षाला लाखभर रुपये बाजूला काढायची तयारी असेल तर घ्या. आणि टायरचा साइज आधी बघा. कडक साइडवॉलचे पातळ टायर इथे पटकन मिळत नाहीत.

आपल्या रस्त्यांवर बसकी गाडी चालते का?

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर छान चालते. तिथून उतरलं की बदलतं. एमएक्स-५ सारख्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १३-१४ सेंटिमीटरवर. गावागावातले हाताने घातलेले स्पीडब्रेकर कसलंच माप पाळत नाहीत. एन लाइनसारखी गाडीही चार माणसं बसल्यावर त्यांवर घासते. तिरकं काढायची सवय लावा.

रात्रीची भीती वेगळी. गळीत हंगामात संकेश्वर, निपाणी, चिकोडीच्या रस्त्यांवर उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. बसक्या गाडीतून तुमची नजर थेट ट्रॉलीच्या चाकाच्या पातळीला असते आणि वरून बाहेर आलेला ऊस काचेच्या उंचीला. चोर्ला आणि आंबोलीकडे त्यात गव्यांची भर. अंधारात गवा उभा असेल तर उजेडात आधी त्याचे पाय येतात, अंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी साठच्या पुढे जाऊ नये.

जुन्या सिव्हिकची मागची दारं वेल्ड करून दोन दारांची करून मिळेल का?

करून देणारे भेटतील. करू नका. कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल केला की नोंदणी अडते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. पण कायदा सोडा. पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब बाजूची धडक पेलतो, सीटबेल्टही तिथेच अडकलेला असतो. दार लांब करायला तो मागे सरकवला की गाडीचं हाडच मोडलं. त्याच पैशात चांगले टायर, ब्रेक पॅड, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाका, गाडी खरोखर बदलते.

शेतावरच्या गोठ्यात आजोबांची हेराल्ड उभी आहे. काही किंमत आहे का?

पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असेल तर आहे. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, क्रमांकात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार. मात्र ती प्रदर्शन आणि रॅलीपुरती, रोज बाजाराला नेता येत नाही. आधी चॅसिस क्रमांक आणि जुनं आरसी पुस्तक शोधा. कागद नसतील तर गाडी सुंदर असूनही भंगाराच्या भावाची. आणि कुणाकडे डॉल्फिन असेल तर फायबरचं अंग सहसा टिकतं, खालचा लोखंडी सांगाडा गंजतो. खाली आडवं पडून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

इलेक्ट्रिकमध्ये अशी गाडी येईल का?

ईव्हीवर जीएसटी ५ टक्केच आहे, तेव्हा वाटतं येईल. दोन दारांची इलेक्ट्रिक आपल्याच राज्यात बनत होती, बेंगळुरूची रेवा, २००१ पासून. तिचा वारसा सांगणारी महिंद्रा ई२ओ २०१३ मध्ये दोन दारांचीच आली, आणि २०१६ मध्ये तिलाही चार दारं बसवावी लागली. पुन्हा तेच. शिवाय बॅटरी जमिनीखाली पसरते, गाडी जड आणि उंच होते. हलकेपणा हीच ज्या गाडीची जान, तिच्यासाठी हे अवघड आहे.

मग थांबू का? कंपन्या परत आणतील?

होंडाने २०२५ मध्ये आपली जुनी दोन दारांची प्रिल्यूड परत आणली: हायब्रिड, मॅन्युअल गिअर नाही, अमेरिकेत किंमत ४२ हजार डॉलरच्या घरात. नाव परत आलं, स्वस्ताई नाही आली. पुढेही येतील त्या अशाच येतील, थोड्या आणि महाग. लग्नाआधी, ईएमआय हलका असताना जी मजा करायची ती आजच्या बाजारातल्या गाडीत करून घ्या.

वेगात चालवायला जवळ जागा आहे का? चोर्ल्यात पोरं रेस लावतात.

चोर्ल्यात नको, तिथे समोरून भाजीची पिकअप येते. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, बेळगावहून दोन तासांत पोचता. स्वतःच्या गाडीने खरा ट्रॅक हवा तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा. जाण्याआधी ब्रेक ऑइल बदला आणि विमा कंपनीला विचारा. ट्रॅकवर झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत.